बीजलाख कोणाच्या हाती?

कोलकात्याच्या मिर्झा गालिब मार्गाला जुनी मंडळी अजूनही फ्री स्कूल स्ट्रीट म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांसाठी तो प्रसिद्ध आहे. एका परिषदेसाठी त्या शहरी गेले असता तेथे ७८ फेऱ्यांची एक काळी, जड तबकडी हाती घेतली. दुकानदाराला त्यात जुने गाणे दिसत होते, मला 'केरिया लॅका' हा इवलासा कीटक. व्हिनाइल येण्यापूर्वी अशा तबकड्यांतील खनिज भुकटी बांधून ठेवण्याचे काम शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख करीत असे. डमडमच्या कारखान्यात या तबकड्या घडत. लाखेचा निर्यात व्यापारही याच शहरात एकवटला होता. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाख संशोधन संस्था उभी राहिली. व्यापार कोलकात्यात, विज्ञान रांचीत. आणि पळस, बोर, कुसुमावर लाख वाढविणारे हात मात्र छोटानागपूर व पुरुलियातील आदिवासींचे.

त्याच पुरुलियात खेडिया शबर राहतात. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातून गेला नाही. १९६८ मध्ये राजनवागढ येथे शबर कल्याण समिती स्थापन झाली. पुढे कोलकात्याच्या लेखिका महाश्वेतादेवी तिच्याशी आयुष्यभरासाठी जोडल्या गेल्या. साक्षरता आणि हस्तव्यवसाय ही समितीच्या कामाची प्रमुख अंगे. यातील हस्तव्यवसायाची निवड मला फार शहाणपणाची वाटते. दुर्गापूजेच्या सुमारास पांढऱ्या तुऱ्यांनी फुलणारे काश गवत आणि खजुरीची पाने यांपासून शबर टोपल्या विणतात. कच्चा माल दारात आणि कसब घरात. बाहेरच्यांकडून हवी होती ती केवळ बाजारपेठ; ती कोलकात्याच्या मेळ्यांतून मिळाली.

१९९८ मध्ये बुधन शबर याचा कोठडीत मृत्यू झाला. समितीने कोलकाता उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी मंच उभारला. टोपली विणायला शिकलेला माणूस बाजारात निर्धास्तपणे उभाच राहू शकत नसेल, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्या पारध्यांनाही परका नाही.

हे सारे पाहताना मला स्वतःचे एक अपयश आठवत राहिले. पूर्व विदर्भातील एका गावी मी लाख लागवडीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. पडद्यावरची चित्रे चांगली होती, उपस्थिती भरघोस होती, बीजलाख बाहेरून आणली होती. बीजलाख म्हणजे जिवंत माद्या असलेल्या काड्या. त्या फांद्यांना बांधल्या की पिल्ले बाहेर पडून कोवळ्या फांदीवर स्थिरावतात. साधारण तीन आठवड्यांनी रिकामी काडी, म्हणजे फुंकी, उतरवायची, नाहीतर तिच्यातून लाखेचे शत्रू पतंग झाडभर पसरतात. हे सर्व मी शिकविले. पुढील हंगामात मात्र गावात बांधायला बीजलाखच उरली नव्हती.

कारण शोधायला मला कीटकशास्त्र लागले नाही. रंगिणी प्रकारची वैशाखी लाख जुलैच्या सुमारास पक्व होते, आणि तीच पुढील पिकाचे बीज असते. परंतु एप्रिल-मेमध्ये घरात पैसा नसतो, पेरणी तोंडावर असते. तेव्हा लोक अपक्व लाख तोडून विकतात. तिला 'अरी' म्हणतात. अरी तोडू नका, असे मी सांगून आले होते. त्या दोन महिन्यांचा खर्च कोणी भागवायचा, याविषयी मी चकार शब्द काढला नव्हता. एकट्या कुटुंबाला हा संयम परवडत नाही. गावाने मिळून काही झाडे बियाण्यासाठी राखली, उरलेली विक्रीसाठी ठेवली, तरच तो शक्य होतो. ती राखण कोणी करायची, हे मात्र प्रशिक्षकाने ठरवून चालत नाही.

शिवाय झाड कोणाचे, हाही प्रश्न आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने लाखेचा समावेश गौण वनोपजात स्पष्टपणे केला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखविला. ज्या ग्रामसभेकडे सामूहिक हक्क आहे, तिला पळसही राखता येतील.

कोलकात्याहून परतल्यावर मी त्या गावी पुन्हा गेले, यावेळी प्रोजेक्टर न घेता. बैठक बायकांनी बोलावली होती. नाल्याकाठचे पळस बियाण्यासाठी ठेवायचे, बांधावरच्या बोरींवरची अरी विकायची, असे त्यांनी तासाभराच्या वादानंतर ठरविले. एका आजींनी मला विचारले, ''बाई, त्या बारीक जाळीच्या पिशव्या तुम्ही मागच्या वेळी उशिरा आणल्या होत्या ना?'' खरे होते. बीजलाख साठ मेशच्या जाळीत बांधली की पिल्ले बाहेर पडतात, शत्रू पतंग आत अडकतात. पण पिशवी वेळेवर हवी. या जुलैसाठी त्यांनी मला तेवढेच काम नेमून दिले आहे.