एनफिल्डचे काडतूस : चरबी कुठे होती, कशासाठी होती?

१८५७ म्हटले की चरबीचे काडतूस आठवते. मात्र शिशाच्या गोळीला वंगण का लागते आणि गोळीचे माप किती ठेवायचे, हे त्या कहाणीत सहसा येत नाही. ते कळले की बऱ्याच समजुती तपासून पाहता येतात.

गैरसमज : शिपाई दाताने तोडत तिथेच चरबी असे.
वस्तुस्थिती : १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरत. कागदी काडतुसाच्या एका टोकाला दारू असे, दुसऱ्या टोकाला गोळी. दात लावायचा तो दारूकडच्या टोकाला. वंगण असे गोळीभोवतीच्या कागदावर. दारू ओतायची, काडतूस उलटे करून गोळी नळीत घालायची, वरचा कागद फाडायचा आणि गजाने ठासायची. यात वंगण हाताला लागायचेच. त्यामुळे विटाळाची भीती निराधार नव्हती.

गैरसमज : वंगण केवळ धर्म बाटवण्यासाठी लावले.
वस्तुस्थिती : काळी दारू जळाली की नळीत काजळीचा थर बसतो. कोरड्या, उष्ण हवेत तो कडक होतो आणि पुढची गोळी खाली जाईनाशी होते. वंगणाने काजळी मऊ राहते, शिवाय शिसे नळीला कमी चिकटते. वंगण हवेच होते. ते जनावराच्या चरबीचेच असावे, अशी मात्र कोणतीही तांत्रिक अट नव्हती.

गैरसमज : गोळी नळीच्या मापाची, घट्ट बसणारी असे.
वस्तुस्थिती : नळीचे माप ०.५७७ इंच, तर गोळीचे आधी ०.५६८ इंच होते. बार उडाला की मऊ शिशाची पोकळ बुडाची गोळी फुलायची आणि नळीतल्या खाचांत पक्की बसायची. पण सुरुवातीचा हा फरक पाव मिलिमीटरहूनही कमी होता. काजळी साचली की ठासणे जड जाई. म्हणून पुढे गोळी ०.५५ इंचांवर आणली.

गैरसमज : गाईच्या चरबीची गोष्ट निव्वळ अफवा होती.
वस्तुस्थिती : काडतुसांच्या वंगणात जनावराची चरबी वापरली गेली आणि ती कोणत्या जनावराची असावी, हे कंत्राटात लिहिलेच नव्हते. गाईची चरबी त्यात असण्याची शक्यता म्हणूनच दाट होती. डुकराच्या चरबीचा तसा पुरावा नाही. धोक्याची सूचनाही आधीच मिळाली होती. वंगणाने जातिधर्माच्या भावना दुखावणार नाहीत याची खात्री होईपर्यंत ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, असे बंगाल लष्करातील कर्नल हेन्री टकर यांनी १८५३मध्येच कळवले होते. त्याकडे दुर्लक्ष झाले.

गैरसमज : मीरतच्या शिपायांनी एनफिल्डची काडतुसे नाकारली.
वस्तुस्थिती : २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या देशी घोडदळातील ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. ती होती कार्बाइनची, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुकीची, पूर्वीपासून वापरातली. तोवर सरकारने बिनवंगणाची काडतुसे देऊन शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली होती. दाताऐवजी हाताने काडतूस तोडण्याची कवायतही सुरू झाली होती. पण विश्वास एकदा उडाल्यावर या सवलतींमुळे संशय उलट वाढला : आधी काही काळेबेरे नव्हते, तर आता बदल कशाला?

चरबीचे काडतूस हे उठावाचे एकमेव कारण नव्हते. संस्थाने खालसा करणे, पगार-भत्त्यांवरून असलेली नाराजी आणि धर्मांतराची धास्ती आधीपासून धुमसत होती. पण या एका ठिणगीपुरता निवाडा स्पष्ट आहे. पुढच्या काळात इंग्रजांनी याच रायफलीच्या काडतुसांना मुख्यतः मधमाश्यांचे मेण वापरले आणि ते उत्तम चालले. जे नंतर जमले, ते आधीही जमले असते.