गेंडा आणि माळढोक

एखादा प्राणी नामशेष होऊ लागला, म्हणजे त्याच्या रक्षणासाठी कायदा करावा असे सर्वजण म्हणतात. परंतु कायद्याने प्राणी खरोखर वाचतात काय? आपल्याच देशातील दोन जीवांची हकीकत या प्रश्नाचे उत्तर देते. त्यांपैकी एक आसामचा एकशिंगी गेंडा, आणि दुसरा माळरानावर राहणारा माळढोक पक्षी.

गेंड्याचे शिंग औषधी असते, अशी खुळी समजूत फार काळापासून चालत आली आहे. वस्तुतः आपली नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याचे ते शिंग असते. तरीही त्याच्या लोभाने व शिकारीच्या हौसेने गेंड्यांची बेसुमार हत्या झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी काझीरंगाच्या गवताळ प्रदेशात अगदी थोडे गेंडे उरले. १९०८ साली तेथील वन राखीव झाले. १९५४ साली आसामात गेंड्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला, तर १९७२ साली सर्व देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वनरक्षक जिवाची पर्वा न करता ऊनपावसात गस्त घालीत राहिले. २०२२ च्या गणनेत काझीरंगात २,६१३ गेंडे आढळले!

१९७२ च्या कायद्याने माळढोकासही अभय दिले. १९७९ साली सोलापूरनजीक नान्नजच्या माळावर त्याच्यासाठी अभयारण्यही झाले. तथापि त्याची संख्या घटतच गेली. आज साऱ्या देशात जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

असे का व्हावे? गेंड्याचा मुख्य वैरी शिकारी होता, आणि शिकाऱ्याचा हात कायद्याला धरता येतो. माळढोकाचे मात्र घरच हरपले. माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून लोकांनी ते नांगरले. त्यांवरून विजेच्या तारा गेल्या. माळढोकाचे शरीर जड, आणि त्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही. त्यामुळे तो तारांवर आदळून मरतो. मादी बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते, आणि तेही उघड्या जमिनीवर. नांगर धरणारा शेतकरी गुन्हेगार नव्हे. तारा ओढणाऱ्यानेही पक्षी मारण्याचा हेतू धरलेला नसतो. मग कायद्याने दंड करावा तरी कोणाला? शिवाय अभयारण्याच्या मूळ सीमेत गावे व शेतेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडल्याने लोक नाराज झाले, आणि पुढे ती सीमा कमी करावी लागली.

आता राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकाची अंडी कृत्रिम उष्णता देऊन उबवतात व पिल्लांचे संगोपन करतात. परंतु ही पिल्ले मोठी होऊन मोकळी सुटतील, तेव्हा त्यांना राहण्यास माळ हवाच.

सारांश, कायदा हे शेताचे कुंपण होय. कुंपणावाचून पीक राहत नाही हे खरे. पण नुसत्या कुंपणाने पीक येतही नाही. त्यासाठी जमीन राखावी लागते, आणि भोवतालच्या माणसांचे मनही राखावे लागते.