पिंपावरचा आकडा आणि मधला ग्रंथपाल

तारापूर एमआयडीसीत येणाऱ्या रसायनाच्या पिंपावर मालाचं नाव असतं, धोक्याच्या लाल चौकटी असतात आणि बारीक अक्षरांत एक आकडा असतो. ॲनिलीनचं पिंप असेल तर तो आकडा ६२-५३-३. नावाचा भरवसा धरता येत नाही. एकाच द्रव्याला पाठ्यपुस्तकात एक नाव, बिलावर दुसरं आणि कामगारांच्या तोंडी तिसरंच. आकडा मात्र जगभर एकच. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरातली केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला असा क्रमांक देत आली आहे. आजवर वीस कोटींहून अधिक पदार्थांना तो मिळाला. त्याला कॅस क्रमांक म्हणतात. तो कसा वाचायचा, कसा पडताळायचा हे मला पालघर जिल्ह्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाईंनी शिकवलं.

संपादकांनी सोपवलेला विषय वेगळा होता. आरोग्यविज्ञान ग्रंथपालांच्या संघटना नेमकं काय करतात, त्यांच्या अधिवेशनांतून आणि कार्यशाळांतून कुणाच्या पदरात काय पडतं, ते पाहून लिहायचं होतं. त्यासाठी दिल्लीला किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाता आलं असतं. पण अशा संघटनेची खरी गरज कुणाला असते? ज्याच्या शेजारी विचारायला दुसरा ग्रंथपाल नाही, त्याला. म्हणून मी बोईसरची वाट धरली.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा एका बाजूला जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणासाठी ओळखला जातो आणि दुसऱ्या बाजूला बोईसर-तारापूरच्या उद्योगांसाठी. १९६९ पासून वीज देणारं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथलंच. त्याच्या जवळ औषधं, रंग आणि रंगांची कच्ची द्रव्यं बनवणारे शेकडो कारखाने. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी इथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली आणि हादरा दूरच्या गावांपर्यंत पोचला. जखमी माणूस बोईसरच्या रुग्णालयात लवकर पोचू शकतो. मुंबईची मोठी रुग्णालयं मात्र चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागून शंभरेक किलोमीटरवर. विषबाधेवरचे ग्रंथ आणि नियतकालिकं असलेली जुनी वैद्यकीय ग्रंथालयंही तिकडेच.

संघटनांचा इतिहास थोडक्यात असा. २ मे १८९८ रोजी फिलाडेल्फियात चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एकत्र आले आणि त्यांनी वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना काढली. जॉर्ज गूल्ड हे डॉक्टर आणि मॅकगिल विद्यापीठाच्या ग्रंथपाल मार्गारेट चार्लटन यांचा त्यात पुढाकार होता, आणि पुढे विल्यम ऑस्लरसारखा नामांकित वैद्य तिचा अध्यक्ष झाला. पहिलं काम अगदी साधं होतं. एकाकडे नियतकालिकाचा अंक जास्तीचा असेल आणि दुसऱ्याकडे तोच गहाळ असेल, तर अदलाबदल करायची. आपल्याकडे मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडिया अधिवेशनं भरवते, आणि मुंबईत विज्ञान ग्रंथपालांची बॉस्ला ही संस्था आहे. अहवाल चाळले की दीपप्रज्वलन, बीजभाषण, शोधनिबंध, ठराव असा क्रम दिसतो. त्यावरून या कामाचं मोल कळत नाही. ते कळायला एखाद्या ग्रंथपालाच्या टेबलाशी बसावं लागतं.

बाईंचं ग्रंथालय म्हणजे एक मोठी खोली, भिंतीलगत कपाटं, मधे अभ्यासाची टेबलं आणि दाराशी नोंदवही. देवघेव, नवी खरेदी, परीक्षेआधीची गर्दी, तपासणी समिती येणार असली की फायलींचा ढीग, सगळं त्यांच्या एकटीच्या अंगावर. मी विचारलं की कार्यशाळेत शिकलेल्यातलं खरोखर काय कामाला आलं? त्यांनी कागद ओढला आणि ६२-५३-३ लिहिलं.

यातला शेवटचा ३ हा पडताळणीचा अंक. तो झाकायचा आणि उरलेले अंक उजवीकडून घ्यायचे. पहिल्याला एकने गुणायचं, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला तीनने, चौथ्याला चारने. तीन एके तीन, पाच दुणे दहा, दोन त्रिक सहा, सहा चोक चोवीस. बेरीज ४३. एकम स्थानी ३, म्हणजे आकडा बरोबर. आता समजा कारखान्यातला सुपरवायझर यंत्रांच्या आवाजात फोनवर बोलतोय, लेबल भिजलंय आणि बासष्टच्या जागी सव्वीस ऐकू आलं. मग बेरीज ३९ होते, शेवटी ९ यायला हवा होता. तीन आणि नऊ जुळत नाहीत, तेव्हा पुढे जायचं नाही, आकडा पुन्हा विचारायचा. मी कागदावर नायट्रोबेंझीनचा ९८-९५-३ करून पाहिला. बेरीज ८३, शेवटी ३. जुळलं. इतका छोटा हिशेब, पण चुकीच्या विषाचा शोध घेण्यात जाणारी मोलाची मिनिटं तो वाचवतो. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. इथे वाचक म्हणजे कॅज्युअल्टीतला डॉक्टर, आणि त्याचा वेळ म्हणजे रुग्णाचा वेळ.

ॲनिलीनच का, तेही बाईंनी समजावलं. हे द्रव्य कातडीतूनही शरीरात शिरतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते मेथहिमोग्लोबिन करतं, आणि मग ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. प्राणवायू लावूनही बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. उतारा मिथिलीन ब्लू. इथपर्यंतचं सगळं कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात आहे आणि डॉक्टरला ते सांगायला ग्रंथपाल लागत नाही. अडचण पुढे येते. रुग्णाच्या शरीरात जी-सिक्स-पीडी या विकराची उपजत कमतरता असेल, तर मिथिलीन ब्लू काम करत नाही, उलट तांबड्या पेशी फुटू लागतात. ही कमतरता देशातल्या अनेक समाजांत, आदिवासी समाजांतही आढळते. तारापूरच्या कारखान्यांत जव्हारचा माणूस काम करतो, तसाच बिहार-ओडिशाचाही. कमतरता असलेल्यांवर कुणी कसे उपचार केले, कुठली पर्यायी औषधं वापरली, पाठ्यपुस्तक छापल्यानंतर काय नवं कळलं? हा प्रश्न ग्रंथपालाचा.

त्यांनी पबमेड उघडलं. वैद्यकीय लेखांची ही सूची १९९७ पासून सगळ्यांना मोफत आहे. तिचं मूळ जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेल्या छापील इंडेक्स मेडिकसमध्ये. साध्या चौकटीत शब्द टाकले की हजारो लेख अंगावर येतात. बाई तसं करत नाहीत. प्रत्येक लेखाला ठरावीक विषयशीर्षकं लावण्याची मेश नावाची पद्धत १९६० पासून चालत आली आहे, आणि त्या आधी तिच्यात शिरतात. ब्रिटिश वळणाने स्पेलिंग लिहिणारा भारतीय डॉक्टर आणि अमेरिकी वळणाने लिहिणारा लेखक यांची गाठ तिथे पडते, कारण दोन्ही रूपं एकाच शीर्षकाखाली येतात. आजाराचं एक शीर्षक, औषधाचं एक, विकराच्या कमतरतेचं एक. तिन्ही एकत्र बांधली की ढिगातून मोजके लेख उरतात. मग त्या मेशविना, नुसत्या शब्दांनी दुसरा शोध घेतात, कारण अगदी ताज्या लेखांना शीर्षकं लागलेली नसतात. दोन्ही शोधांच्या ओळी तारीख घालून वहीत उतरवतात. उद्या कुणी विचारलं की काय शोधलं आणि काय सुटलं, तर दाखवता आलं पाहिजे, असा त्यांचा नेम आहे.

काय सुटलं, हे लिहून ठेवायचा नेम कशासाठी, याचं एक उदाहरण ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात वारंवार दिलं जातं. २००१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हुंगायला दिलं गेलं, आणि जूनमध्ये तिचा मृत्यू झाला. संशोधकाने आधी शोध घेतला होता. पण पबमेडमधले लेख तेव्हा १९६६ पासूनचेच होते, आणि या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेबद्दलचे लेख १९५० च्या दशकातले. ते छापील सूचीत होते. जुन्या सूची उघडायच्या असतात हे ठाऊक असलेला ग्रंथपाल त्या शोधाला बसला असता, तर ते लेख त्याच्या हाती लागायची शक्यता मोठी होती.

हे ज्ञान पदवीच्या अभ्यासक्रमात थोडंफार असतं आणि एकटं पडलं की गंजतं. संघटनेचं महत्त्व इथे आहे. मेशची कार्यशाळा होते, पुराव्यांच्या पद्धतशीर आढाव्यासाठी शोध कसा बांधायचा ते कुणी तरी हाताला धरून करून घेतं, आणि जेवणाच्या रांगेत ओळखी होतात. पालघरमध्ये न मिळणारा लेख मुंबईच्या ग्रंथालयात आहे का, हे विचारायला मग नाव आणि नंबर असतो. १८९८ मध्ये अंक टपालाने जायचे, आज निरोप फोनवर जातो. देवाणघेवाणीचा धागा तोच. माझ्यासमोर बाईंना एका लेखाचा शेवटचा तक्ता हवा होता. निरोप गेला, दुपारच्या आत उत्तर आलं, आणि तो तक्ता विद्यार्थिनीच्या प्रबंधात योग्य श्रेयासह बसला.

इथवर कौतुक. पुढचं लिहिताना मात्र काळजी वाटते.

पहिली काळजी शिकलेलं जुनं होण्याची. विषारी रसायनांची माहिती देणारं अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं टॉक्सनेट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झालं. त्यातली माहिती इतर ठिकाणी, बरीचशी पबकेममध्ये हलवली गेली. अपघातस्थळी पोचणाऱ्यांसाठीचं वायझर हे ॲप फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबलं. लेखांना मेश शीर्षकं लावायचं काम पूर्वी प्रशिक्षित माणसं करत, ते २०२२ पासून संगणकाकडे गेलं आहे. टॉक्सनेट उघडायला शिकलेल्या ग्रंथपालाला ते बंद झालंय आणि माहिती कुठे गेली हे कळवणार कोण? आता तर विद्यार्थी यंत्राने रचून दिलेले संदर्भ आणतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण असा लेख कधी छापलाच गेलेला नाही. तो ओळखण्याची तालीम आज प्रत्येक ग्रंथपालाला हवी.

दुसरी काळजी रजेची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालयं राज्यभर आहेत, डहाणू तालुक्यात सासवंदलाही आहे. अनेक ठिकाणी ग्रंथपाल एकटाच असतो. तो अधिवेशनाला गेला की ग्रंथालयाला कुलूप. म्हणून व्यवस्थापन नाखूश, आणि जायचंच असेल तर स्वतःची रजा, स्वतःचं तिकीट, स्वतःचं नोंदणी शुल्क. प्राध्यापकाचं प्रशिक्षण ही संस्थेची गुंतवणूक आणि ग्रंथपालाचं प्रशिक्षण ही त्याची हौस, हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

तिसरी काळजी दाराची. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं, १ जानेवारी २०२५ पासून. पाऊल फार मोठं आहे. पण पहिल्या टप्प्यात दार उघडलं ते सरकारी संस्थांना. पालघरसारख्या जिल्ह्यात आरोग्यशिक्षणाचा मोठा भार खासगी महाविद्यालयांवर आहे आणि ती बाहेर आहेत. बोईसरच्या खासगी रुग्णालयातला डॉक्टर तर आणखीच बाहेर. असं दार सगळ्यांना उघडता येतं, हे या देशाने करून दाखवलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ साली कोक्रेन लायब्ररीचे पैसे भरले, आणि देशातल्या कोणत्याही संगणकावरून ती वाचता येऊ लागली.

सगळ्यात मोठी काळजी ग्रंथपालाला आपत्तीच्या आराखड्यात जागाच नसण्याची. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात रुग्ण दाराशी होते आणि डॉक्टरांना वायूची नीट माहिती नव्हती. सोडियम थायोसल्फेट द्यावं की नाही यावर वाद चालू होता आणि माणसं मरत होती. त्यातून धडा घेऊन १९८७ साली कारखाने कायद्यात ४१-ब कलम आलं, आणि कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, यंत्रणांना आणि शेजारच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा आपत्ती गट नेमले. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत पोलीस, अग्निशमन, कारखाने निरीक्षक, आरोग्य अधिकारी. माहिती शोधणं, पडताळणं आणि वेळेत पोचवणं हेच ज्याचं शिक्षण, तो त्यात नाही. कारखाना माहिती देईल असं कायदा सांगतो. ती रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत वाचता येईल अशा रूपात ठेवणार कोण, याबद्दल नियम गप्प आहेत.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. तारापूर एमआयडीसीत वापरल्या जाणाऱ्या धोकादायक रसायनांची यादी कॅस क्रमांकासह, लक्षणं आणि उताऱ्यासह, बोईसर आणि पालघरच्या प्रत्येक तातडीच्या विभागात असावी, आणि ती ठरावीक मुदतीने तपासायचं काम प्रशिक्षित वैद्यकीय ग्रंथपालाकडे मानधनासह द्यावं. आपत्ती गटात एका ग्रंथपालाला निमंत्रित सदस्य करावं. आणि संघटनेच्या कार्यशाळेला जाणाऱ्या ग्रंथपालाची रजा कामाची रजा धरावी. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. पहिल्या दोन गोष्टींना जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीतला एक ठराव पुरतो, तिसरीला महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाची एक सही. तो ठराव मांडायला संघटनांनी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जायला हवं. वार्षिक अधिवेशनात आपल्याच माणसांसमोर वाचलेल्या शोधनिबंधापेक्षा त्या एका बैठकीतून बोईसरच्या कामगाराला जास्त मिळेल.