गावच्या मरणांचा जमाखर्च

विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या प्रत्येक ‘अर्बन डिस्ट्रिक्ट’च्या परिषदेपुढे दरवर्षी एक पुस्तिका येई. गावात किती जन्मले, किती मेले, कशाने मेले. किती घरं राहण्यालायक नाहीत, पाणी कसं आहे, खाटकाकडचं किती मांस नष्ट करावं लागलं, हे सारं एकाच बांधणीत. लिहिणारा असे ‘मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ’, म्हणजे गावचा आरोग्याधिकारी. नोकरी परिषदेची, पण पूर्णवेळ अधिकाऱ्याला मंत्र्यांच्या संमतीशिवाय काढता येत नसे. त्यामुळे परिषदेच्याच घरांविषयी आणि गटारांविषयी त्याला कडू लिहिता येई.

या पदाची सुरुवात १८४७ साली लिव्हरपूलमध्ये डॉ. विल्यम डंकन यांच्या नेमणुकीने झाली. १८७२ च्या कायद्याने असा अधिकारी नेमणं देशभर सक्तीचं झालं.

पुस्तिकेतले आकडे मात्र जपून वाचावे लागत. वर्षाला अडीचशे जन्म होणाऱ्या गावात एक तान्हं मूल दगावलं, की अर्भक मृत्युदर हजारी चाराने चढे. समुद्रकाठच्या गावी निवृत्त म्हातारी माणसं येऊन राहत, म्हणून तिथला मृत्युदर साहजिकच जास्त दिसे. वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण यांतला हा फरक काढून टाकण्यासाठी रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय प्रत्येक भागासाठी एक गुणक देई. त्याने गुणल्यावरच शेजारच्या गावाशी तुलना करता येई.

पन्नाशीच्या दशकात या तक्त्यांचा चेहराच बदलला. १९०० च्या सुमारास इंग्लंड-वेल्समध्ये हजारी दीडशेच्या आसपास असलेला अर्भक मृत्युदर १९५० मध्ये तीसवर आला. १९४० मध्ये घटसर्पाने दोन हजारांहून अधिक बळी घेतले होते. लसीकरणानंतर दहा वर्षांत ते शंभराच्या आत आले. क्षयाचा रकाना आटत गेला, हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे रकाने फुगले. विषमज्वराचा माग काढत अधिकारी एखाद्या नळापर्यंत किंवा दूधवाल्यापर्यंत पोहोचू शके. सिगारेटपाशी त्याचा अधिकार संपे. धुराचं तसं नव्हतं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरक्याने, तेव्हाच्या अंदाजानुसार, सुमारे चार हजार माणसं गेली. १९५६ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना धूरबंदीचे विभाग आखण्याचा अधिकार मिळाला, आणि पुस्तिकेत हवेचीही नोंद येऊ लागली.

१ एप्रिल १९७४ रोजी हे पद रद्द झालं. त्याचं वैद्यकीय काम राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेलं. घरं, अन्न आणि सांडपाणी तपासणारे निरीक्षक परिषदेकडेच राहिले. मरण आणि त्यामागची ओल एकाच माणसाने, एकाच सहीने मांडायची सोय तिथे संपली.