तेरणेचे पाणी आणि सागरी प्लवकांचे पोषणसंतुलन

धाराशिव जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. त्यामुळे सागरी प्लवकांची चर्चा येथे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि तेरणा मांजरेस व मांजरा गोदावरीस मिळते, तर सीना व बोरी या नद्या भीमेच्या मार्गाने कृष्णेत जातात. अरबी समुद्र तुलनेने जवळ असूनही या जिल्ह्याचे पाणी बंगालच्या उपसागराकडे वाहते आणि आपल्या शेतांतील नत्र-स्फुरदाचा काही अंश सोबत नेते.

अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये असे दाखवून दिले की, सागरी प्लवकांच्या शरीरातील मूलद्रव्यांचे प्रमाण व खोल समुद्रातील विद्राव्य पोषणद्रव्यांचे प्रमाण यांत विलक्षण साम्य आहे. कर्ब, नत्र व स्फुरद यांचे हे प्रमाण आज १०६:१६:१ असे सांगितले जाते. ही अणूंची संख्या होय, वजन नव्हे. आपल्याकडे खतांसाठी शिफारस होणारे ४:२:१ हे प्रमाण वजनाचे असून त्यात स्फुरद ऑक्साइडच्या रूपात मोजतात. अणूंच्या हिशेबात त्यातील नत्र-स्फुरद प्रमाण सुमारे १०:१ भरते. दोन्ही आकडे थेट ताडून पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते.

हे संतुलन ढळल्यास काय घडते, याचे उदाहरण पश्चिम किनाऱ्यावर आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अल्प प्राणवायू असलेले खोल पाणी किनाऱ्यालगत वर येते. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात. नत्र वायुरूपाने निघून जाते, स्फुरद मात्र उरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० मध्ये या उथळ भागातून नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचे मोठे उत्सर्जन नोंदविले.

नत्र-स्फुरदाच्या चर्चेत सिलिका सहसा मागे पडते. वस्तुतः माशांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. डायटम या वनस्पतिप्लवकांचे कवच सिलिकेचे असते व त्यांना नत्राइतकीच, म्हणजे सुमारे १:१, सिलिका लागते. डायटम कोपेपॉड खातात आणि कोपेपॉड लहान मासे. सिलिका अपुरी पडली, तर उरलेल्या नत्र-स्फुरदावर कवचहीन, क्वचित विषारीही, प्लवक माजतात. कोपेपॉड स्वतःच्या शरीरातील मूलद्रव्यांचे प्रमाण फारसे बदलू देत नाहीत. स्फुरद कमी असलेले खाद्य मिळाल्यास ते जादा कर्ब बाहेर टाकतात आणि त्यांची वाढ मंदावते. पाणी हिरवे दिसते, पण मासा वाढत नाही.

सिलिका येते ती खडकांच्या झिजेतून, आणि दख्खनचा बेसाल्ट तिचा उत्तम स्रोत आहे. युरिया व डीएपी नद्यांतील नत्र-स्फुरद वाढवितात, सिलिका नव्हे. उलट, जलाशयाच्या संथ पाण्यात डायटम वाढून तळाशी बसतात व सिलिका तेथेच अडकते. डॅन्यूब नदीवरील धरणांनंतर काळ्या समुद्रातील प्लवकांच्या रचनेत झालेल्या बदलाशी १९९७ मध्ये हाच संबंध जोडण्यात आला. गोदावरी-कृष्णा खोऱ्यांतही धरणांची दाटी आहे. त्यात एकट्या धाराशिवचा वाटा अल्पच. तरीही लोहारा तालुक्यातील माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाच्या वरचे व खालचे पाणी घेऊन नायट्रेट व फॉस्फेटसोबत सिलिकेटही मोजणे पदवीच्या प्रयोगशाळेत रंगमापकाच्या साहाय्याने सहज शक्य आहे.