त्याच यंत्राला मेश का मिळत नाही?

घरात दोन-तीन राउटर ठेवून ते एकाच वाय-फायसारखे चालवायचे, याला मेश म्हणतात. जुना राउटर या कामी लावावा असे आपल्या मनात आले, तर आधी तो उलटा करून तळाच्या स्टिकरवरचे मॉडेल वाचावे. डब्यावर मोबाईल कंपनीचे नाव असेल तर विशेषच.

कारण अमेरिकेतल्या एका राउटरवरून कळेल. टी-मोबाईलने २०१४ मध्ये ग्राहकांना ‘सेलस्पॉट’ राउटर द्यायला सुरुवात केली. तो बनवला होता आसुसने. मॉडेल टीएम-एसी१९००, पण आतला ऐवज आसुसच्याच आरटी-एसी६८यू या राउटरचा. २०१८ च्या सुरुवातीला आसुसने ‘एआयमेश’ आणले आणि एसी६८यूला ते साध्या अपडेटमधून, फुकट मिळाले. सेलस्पॉटमध्ये ती फाईल टाकायला जावे, तर तो ती नाकारतो.

अडते ते फर्मवेअरपाशी, म्हणजे राउटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरपाशी. प्रत्येक फाईल ठरावीक मॉडेलसाठी असते आणि राउटर आधी नाव तपासतो. चिप तीच आहे, हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

म्हणून उत्पादकाच्या यादीत आपले मॉडेल अक्षर न् अक्षर जुळते का, ते पाहावे. जुळले तर दोन्ही राउटर अपडेट करावेत, दुसरा फॅक्टरी रीसेट करावा आणि जोडणी होईपर्यंत पहिल्याच्या जवळ ठेवावा. बहुतेकांचे चुकते ते इथेच: राउटर थेट मागच्या खोलीत नेतात आणि सापडत नाही म्हणून वैतागतात.

यादीत नाव नसेल, तर बूटलोडर बदलण्याचा मोह होतो. बूटलोडर म्हणजे राउटर सुरू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. मॉडेलचे नाव तिथे नोंदलेले असते. हौशी मंडळींनी सेलस्पॉटचा एसी६८यू असाच केला. पण मध्येच वीज गेली की हातात डबा उरतो. माझ्या मते, घरातल्या एकमेव राउटरवर हा प्रयोग करू नये.

त्यापेक्षा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करावा, म्हणजे इंटरनेट मुख्य राउटरकडून केबलने घ्यायचे आणि याने फक्त वाय-फाय पसरवायचे. तशी सोय सेटिंगमध्ये नसेल, तर याचा डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी. डीएचसीपी चालू राहिला तर दोघेही पत्ते वाटतात, मग कधी नेट गायब, कधी प्रिंटर सापडत नाही.

नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच द्यावेत. हे मेश नव्हे. राउटर कधी बदलायचा ते फोन आपल्या मर्जीने ठरवतो. मात्र केबल असल्याने वेग बरा मिळतो. केबल लावण्यापूर्वी या राउटरला मुख्य राउटरहून वेगळा, कायमचा पत्ता देऊन तो स्टिकरशेजारी लिहून ठेवावा, म्हणजे पुढे सेटिंग उघडताना शोधाशोध होत नाही.