पिळदार दंडाच्या मोटारी

मोटार म्हटलं की खेड्यापाड्यांत पहिल्यांदा आठवते ती विहिरीवरची. पाच अश्वशक्तीची मोटार सुरू झाली, पाटाला पाणी खळाळलं, की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आता अशी कल्पना करा, की पासष्ट विहिरींवरच्या अशा पासष्ट मोटारींची सारी ताकद एका ठिकाणी गोळा केली, तिला चार चाकं लावली आणि ती वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हातात दिली. काय होईल? अमेरिकेत १९६४ साली नेमकं हेच झालं. त्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचं तर पिळदार दंडाची मोटार.

या गाड्यांचे हौशी लोक आजही अमेरिकेत गावोगाव भेटतात. कुणी फोर्डवाला, कुणी शेव्हीवाला म्हणजे शेव्हरोलेचा भक्त, तर कुणी मोपारवाला म्हणजे डॉज आणि प्लिमथ गाड्यांचा. बापाची निष्ठा मुलाकडे येते. शंकरपटाच्या माळावर दोन गावची माणसं आपापल्या जोडीवरून जशी हमरीतुमरीवर येतात, तसाच हा प्रकार. पण कोणती जोडी खरी, हे ठरवण्याआधी ही शर्यत लागली कशी, ते पाहू.

जनरल मोटर्स ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी. तिच्या घरातच शेव्हरोले, पॉन्टियाक, ब्यूक अशी अनेक भावंडं. कंपनीचा एक दंडक होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकमध्ये जॉन डिलोरियन नावाचे कल्पक अभियंते होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवी गाडी म्हणून नव्हे, तर जुन्याच टेम्पेस्ट गाडीवर ‘हवा तर घ्या’ असा जादा साज म्हणून त्यांनी ३८९ घनइंचाचं इंजिन देऊ केलं. साजाला नाव दिलं जीटीओ. विक्री पाच हजारांची धरली होती. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या!

३८९ घनइंच म्हणजे किती? सुमारे ६.४ लिटर. इंजिनाच्या नळकांड्यांत दट्टे वरखाली होताना जी जागा व्यापतात, तिचं हे माप. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिचं इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचं, म्हणजे लिटरभराच्या तांब्याहून किंचित मोठं, आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. तिच्यापुढे जीटीओ म्हणजे लहानशी कळशीच, आणि ताकद ३२५ अश्वशक्ती! ज्याला आणखी खुमखुमी असेल, त्याच्यासाठी ३४८ अश्वशक्तीचीही सोय होती.

त्याच साली १७ एप्रिलला फोर्डने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आणली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. खरं सांगायचं तर सुरुवातीची साधी मस्टँग ताकदीपेक्षा रूपावर खपली. लांब नाक, आखूड पाठ, आणि कारकुनाच्या पोरालाही झेपेल अशी किंमत. दंडात बळ आलं ते पुढे, मोठमोठी इंजिनं बसू लागल्यावर. गंमत अशी, की प्लिमथची बराकूडा तिच्याआधी दोनच आठवडे बाजारात आली होती. पण नाव झालं ते मस्टँगचं. मग शेव्हरोले कशी गप्प बसेल? १९६६ च्या सप्टेंबरात तिने कॅमारो आणली. ही जी फोर्ड-शेव्हीची जुगलबंदी सुरू झाली, ती पुढे पन्नास-पंचावन्न वर्षं चालली.

तिसरी बाजू क्रायस्लर कंपनीची. डॉज आणि प्लिमथ या तिच्याच दोन लेकी, आणि त्या आपल्याला परक्या नाहीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज-प्लिमथ गाड्यांची जुळणी केली होती. या कंपनीचं हुकमी पान म्हणजे ‘हेमी’ इंजिन. नाव ऐकून दचकू नका. नारळाची करवंटी पालथी घातली, की जसा आकार दिसतो, तशा अर्धगोल पोकळीत पेट्रोल आणि हवा यांचा स्फोट व्हायचा. या आकारामुळे झडपा मोठ्या बसवता येतात, हवा मोकळेपणी आत येते, धूर मोकळेपणी बाहेर जातो. माणसाचा छातीचा भाता मोठा, तर दम मोठा, असा साधा हिशेब.

१९६४ च्या डेटोना शर्यतीत रिचर्ड पेटी या इंजिनाच्या प्लिमथवर पहिले आले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरही प्लिमथच! तेव्हा शर्यतीच्या चालकांनी हरकत घेतली. जे इंजिन बाजारात गिऱ्हाइकाला मिळत नाही, ते शर्यतीत चालणार नाही. झालं! कंपनीने १९६६ पासून तेच सात लिटरचं, ४२५ अश्वशक्तीचं इंजिन साध्या रस्त्यावरच्या गाडीत द्यायला सुरुवात केली. म्हणजे विहिरीवरच्या पंच्याऐंशी मोटारी, आणि स्वारी निघाली किराणा आणायला!

आता मुख्य प्रश्न. सर्वांत श्रेष्ठ गाडी कोणती? शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. कारण ‘श्रेष्ठ’ म्हणजे काय मोजायचं, हे ठरल्याखेरीज त्याला उत्तरच नाही. कागदावरची अश्वशक्ती मोजाल, तर १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ पुढे जाते. तिच्या सर्वांत जबर इंजिनाचा आकडा ४५० होता. निव्वळ वेग मोजाल, तर डॉजची चार्जर डेटोना. टोकदार नाक आणि पाठीवर उंच पंख असलेल्या या गाडीने १९७० च्या मार्चमध्ये टॅलाडेगाच्या शर्यतमार्गावर ताशी दोनशे मैलांची, म्हणजे ३२० किलोमीटरची वेस ओलांडली. खप मोजाल, तर मस्टँगला तोड नाही. आणि वळणावळणांच्या शर्यतीतला कस पाहाल, तर ट्रान्स-ॲम स्पर्धेचा निकाल ऐका. १९६६ आणि १९६७ फोर्ड, १९६८ आणि १९६९ शेव्हरोले, १९७० पुन्हा फोर्ड, आणि १९७१ साली या बड्यांच्या भांडणात अमेरिकन मोटर्स नावाची धाकटी कंपनी बाजी मारून गेली!

त्यातही अश्वशक्तीचा आकडा जपूनच घ्यावा. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन बाहेर काढून, पंखा, हवेची गाळणी, धुराची नळी वगैरे लोढणी न लावता त्याची ताकद मोजत. १९७२ पासून ती सारी जोडून मोजू लागले. त्याबरोबर शेव्हरोलेच्या एका ४५४ घनइंची इंजिनाचा आकडा ३६५ वरून २७० वर आला. इंजिन जवळपास तेच! बाजारात धान्य विकताना पोत्यासकट वजन आणि पोतं वजा करून वजन, यातला फरक आपल्या अडाणी म्हातारीलाही कळतो. मोटारीच्या जाहिरातीला भुललेल्या शिकलेल्या तरुणांना तो कळला नव्हता.

पण खरी गोष्ट याहून गंभीर आहे. या गाड्यांचं बळ वाढलं, त्या मानाने त्यांना आवरण्याची साधनं वाढली नाहीत. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच होते. जोरात पळणाऱ्या गाडीला पुन्हा पुन्हा आवरलं, की हे ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. इथे निसर्गाचा एक नियम आहे. वेग दुप्पट झाला, तर गाडीतली गतीची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे ब्रेक तितकेच जोरदार असतील, तर ताशी ४० वर दहा पावलांत थांबणारी गाडी ताशी ८० वर चाळीस पावलं घेणार. आडवं आलेलं वासरू किंवा लेकरू ही चाळीस पावलं थांबून राहत नाही. १९६६ या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसं दगावली. सगळी काही या गाड्यांमुळे नव्हेत. पण त्याच साली तिथल्या सरकारने मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला. विमा कंपन्यांनीही पंचविशीच्या आतल्या चालकांकडून अशा गाड्यांसाठी जबर हप्ते घ्यायला सुरुवात केली.

पुढे १९७० मध्ये हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा आला. शिशाविना पेट्रोल वापरता यावं म्हणून इंजिनांची दाबशक्ती कमी करावी लागली. आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. तीस-पस्तीस सेंटला गॅलनभर पेट्रोल मिळण्याचे दिवस सरले, पंपावर रांगा लागल्या. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारा हत्ती दारात बांधायला कोण तयार होणार? दहाच वर्षांत हा खेळ आटोपला. प्लिमथचं नाव २००१ मध्ये आणि पॉन्टियाकचं २०१० मध्ये पुसलं गेलं. नव्या रूपात परतलेल्या कॅमारोचं उत्पादनही २०२३ अखेर थांबलं. मस्टँग मात्र अजून तग धरून आहे.

मग त्या गाड्यांवर लोक अजून जीव का टाकतात? मला वाटतं, त्या साध्या होत्या म्हणून. झाकण उघडलं, की काय कुठे आहे ते दिसायचं. बाप-लेक अंगणात बसून पाना-पेंचीस घेऊन ती खोलत आणि पुन्हा जोडत. कितीतरी पोरं यंत्राचं पहिलं शिक्षण त्या अंगणात शिकली. ही हौस वाईट नाही. आपल्याकडेही फटफटीचं नळकांडं काढून गावभर आवाज करत फिरणारा मुलगा दिसला, तर त्याला नुसता दम देऊ नका. त्याला जवळ बोलवा. इंजिनाची ताकद तो सांगेलच; ताशी ४० वरून आणि ताशी ८० वरून थांबायला किती पावलं लागतील, हे त्याच्याकडून फळ्यावर मांडून घ्या. बैलाचं बळ सांगणारा पुष्कळ सांगतो, पण कासरा कुणाच्या हातात आहे ते जाणता शेतकरी आधी बघतो. यंत्राचंही तसंच आहे.